किती माणसं आणि कोणती: बंगळुरूत सामाजिक मानसशास्त्राचं संशोधन शिकताना

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत असं धरू. प्रत्येकाला प्रबंधासाठी एक छोटा प्रयोग करायचा आहे. प्रत्येक जण ४० माणसं गोळा करतो: २० प्रायोगिक गटात, २० नियंत्रित गटात. ज्याचा शोध घ्यायचा तो परिणाम खरोखर अस्तित्वात आहे आणि त्याचा आकार सुमारे ०.४ प्रमाण विचलन आहे, असंही धरू. या विषयात सरासरी परिणाम साधारण एवढाच आढळतो. सगळ्यांनी प्रामाणिकपणे काम केलं तरी निकाल असा लागेल: ४० पैकी साधारण ९ जणांना ‘सार्थक फरक आढळला’ असं लिहिता येईल आणि उरलेले ३१ जण ‘परिकल्पना सिद्ध झाली नाही’ असं लिहितील. परिणाम खरा असूनही तीन चतुर्थांशांहून जास्त प्रबंधांत तो दिसणार नाही.

ज्या ९ जणांना तो दिसला त्यांचे आकडेही फुगलेले असतील. २०-२० च्या गटांत फरक सार्थक ठरायचा तर तो किमान ०.६४ प्रमाण विचलन इतका यावा लागतो. खरा फरक ०.४ चा. म्हणजे योगायोगाने दीडपटीहून मोठा आकडा ज्यांच्या हाती लागला तेच यशस्वी ठरले. आता उलट बाजू पाहू. मुळात काहीच परिणाम नसता, तरी ५ टक्क्यांच्या सार्थकता पातळीनुसार ४० पैकी सरासरी २ जणांना तो ‘सापडला’ असता. आणि छापायला कोणते प्रबंध पाठवले जातात, हे या क्षेत्रातल्या कुणालाही सांगायला नको.

हा हिशेब संगणकावर दहा मिनिटांत होतो. तो प्रश्नावली छापण्याआधी करायचा असतो. अनेक ठिकाणी तो व्हायवाच्या आदल्या रात्रीपर्यंत होत नाही. संशोधनाचा आराखडा शिकवताना आपण परिकल्पना, चलांची व्याख्या, संदर्भसाहित्य यांवर महिने घालवतो आणि ‘किती माणसं घेऊ?’ या प्रश्नाला ‘तीस-चाळीस घे’ एवढं उत्तर देतो. माझ्या मते शिकणं सुरू व्हायला हवं ते याच प्रश्नापासून. दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो: कोणती माणसं?

ठोकताळे आणि आकडे

जेकब कोहेन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एका नामांकित नियतकालिकातले अभ्यास तपासले. मध्यम आकाराचा परिणाम खरोखर असला, तर तो पकडण्याची त्या अभ्यासांची शक्यता साधारण ४८ टक्के निघाली. नाणं उडवून पाहिलं असतं तरी फार फरक पडला नसता. पुढे कोहेनने दिलेली परिमाणं आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. ८० टक्के खात्रीने फरक पकडायचा असेल तर मोठ्या परिणामासाठी (०.८) प्रत्येक गटात २६ माणसं लागतात, मध्यमसाठी (०.५) ६४ आणि लहानासाठी (०.२) सुमारे ३९४. परिणाम निम्मा झाला की माणसं चौपट लागतात. विद्यार्थ्याने एकच नियम पाठ करायचा ठरवला तर तो हा असावा.

मग सामाजिक मानसशास्त्रातले परिणाम असतात तरी केवढे? २००३ मध्ये रिचर्ड, बाँड आणि स्टोक्स-झूटा यांनी शंभर वर्षांचं संशोधन एकत्र मोजलं: सुमारे २५,००० अभ्यास, ८० लाख माणसं. सरासरी सहसंबंध निघाला ०.२१. एवढा सहसंबंध पकडायला किमान १७५ माणसं हवीत. शिवाय ही सरासरी मुख्यतः छापून आलेल्या अभ्यासांची आहे, म्हणजे खरा आकडा याहून लहान असण्याचीच शक्यता जास्त.

ही शंका २०१५ मध्ये खरी ठरली. मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास वेगवेगळ्या संशोधकगटांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थक होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत आला. परिणामांचा सरासरी आकार ०.४० वरून ०.२० वर उतरला, बरोबर निम्म्यावर. सामाजिक मानसशास्त्राची अवस्था अधिक वाईट होती. बोधनात्मक मानसशास्त्रातले ४२ पैकी २१ निकाल टिकले, सामाजिक मानसशास्त्रातले ५५ पैकी फक्त १४. तीन वर्षांनी आणखी मोठा प्रयत्न झाला. २८ गाजलेले परिणाम, ३६ देश आणि १५,३०५ माणसं. टिकले १५.

हे वाचून विषयावरचा विश्वास उडायला नको. स्वतःचे शंभर अभ्यास स्वतःच पुन्हा तपासून निकाल जगासमोर ठेवणारी विद्याशाखा माझ्या मते विश्वासाला जास्त पात्र आहे. मात्र या आकड्यांनंतरही २०-२० च्या गटांवर प्रबंध मंजूर होत राहावेत, हे मला पटत नाही.

छोटा नमुना हा पहिला सापळा, दुसरा लवचिकतेचा. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी दाखवलं की निरुपद्रवी वाटणाऱ्या चार सवलती एकत्र घेतल्या, तर नसलेला परिणाम ‘सापडण्याची’ शक्यता ५ टक्क्यांवरून ६०.७ टक्क्यांवर जाते. दोन मापनांपैकी चांगलं निघालेलं निवडणं, निकाल पाहून आणखी दहा माणसं घेणं, लिंग हा घटक हवा तेव्हा विश्लेषणात आणणं, तीनपैकी एक गट गाळणं, अशा त्या सवलती. कुणीही खोटा डेटा लिहिलेला नसतो. साधा हिशेब असा: परस्परांशी संबंध नसलेल्या ५ चलांची चाचणी केली, तर किमान एक फसवा निकाल येण्याची शक्यता २३ टक्के, १० केल्या तर ४०, २० केल्या तर ६४. म्हणून मुख्य चल कोणतं, माणसं किती, कुणाला वगळणार, हे डेटा गोळा करण्याआधी तारखेसह नोंदवून ठेवायचं. भारतात औषधांच्या चाचण्यांची अशी पूर्वनोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. प्रबंधाला ती सक्ती नाही. विभागाने ठरवलं तर एका पानाचा नमुना पुरतो.

बंगळुरूतली सोपी माणसं आणि अवघड माणसं

मानसशास्त्र शिकायला बंगळुरूइतकं समृद्ध शहर दक्षिणेत शोधून सापडणार नाही. मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये निम्हान्स उभी राहिली. बंगळुरू विद्यापीठ, क्राइस्ट, अझीम प्रेमजी विद्यापीठ आहेत. जवळच म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्येच मानसशास्त्र विभाग सुरू झाला. तो उभा करणारे एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आले होते. १९३५ मध्ये स्वतःच्या घरातून ‘आकाशवाणी’ नावाचं नभोवाणी केंद्र सुरू करणारे तेच. पुण्या-कोल्हापूरकडची, बेळगावची मराठी मुलंमुली इथे शिकायला येतात ती या परंपरेमुळेच.

पण याच शहरात नमुना निवडण्याची सगळ्यात मोठी चूकही सगळ्यात सहज होते. गूगल फॉर्म तयार करायचा, वर्गाच्या आणि वसतिगृहाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकायचा, आयटीतल्या चुलतभावाला ‘पुढे पाठव’ म्हणायचं. दोन दिवसांत दोनशे उत्तरं जमतात. वय १९ ते २८, इंग्रजी माध्यम, स्मार्टफोन हातात. आणि प्रबंधाचं शीर्षक असतं ‘भारतीय तरुणांमधील’ अमुकतमुक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) ७,२४,११५ स्त्रियांपर्यंत पोचली. १५ ते ४९ वयोगटातल्या फक्त ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होतं. ग्रामीण स्त्रियांत २४.६. त्यानंतर हे आकडे वाढले असणार. तरी ऑनलाइन प्रश्नावली कुणाला दारातच थांबवते, हे त्यांतून स्पष्ट दिसतं.

जगाच्या पातळीवरही हेच झालं आहे. २०१० मध्ये हेनरिच, हाइने आणि नोरेन्झायन यांनी दाखवलं की प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी ज्या देशांतून आले, तिथे जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. हा आकडा आपल्याकडच्या परिसंवादांत वारंवार ऐकू येतो आणि टीका रास्तच आहे. पण पाश्चात्त्य विद्यार्थ्यांच्या जागी बंगळुरूच्या कोरमंगला भागातले विद्यार्थी बसवले म्हणून नमुना भारतीय होत नाही.

शहर नीट पाहायचं तर भाषेपासून सुरुवात करावी लागते. २०११ च्या जनगणनेत बंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या ९६,२१,५५१ होती आणि कन्नड मातृभाषा असणारे त्यात निम्म्याहून कमी. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणारे आहेत. इतर अनेक आहेत. एखादी इंग्रजी मापनश्रेणी कन्नड धरून या सहा भाषांत न्यायची तर एकाने भाषांतर करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणायचं, ही ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत वापरावी लागते. म्हणजे बारा माणसांचं काम.

विद्यार्थी विचारतात, एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तरही आकड्यांत देता येतं. दोन चलांमधला खरा सहसंबंध ०.३० आहे असं समजू. दोन्ही श्रेणी बिनचूक मोजत असतील तर तो पकडायला ८५ माणसं पुरतात. दोन्हींची विश्वसनीयता ०.७ असेल तर हाती ०.२१ एवढाच सहसंबंध येतो आणि १७५ माणसं लागतात. घाईत केलेल्या भाषांतरामुळे विश्वसनीयता ०.५ वर घसरली, तर तोच सहसंबंध ०.१५ दिसतो आणि माणसं लागतात ३४६. भाषांतरावर वाचवलेला आठवडा पुढे २६१ जास्तीच्या मुलाखतींच्या रूपाने भरावा लागतो. दिवसाला चार मुलाखती धरल्या, आणि बंगळुरूच्या वाहतुकीत त्याहून जास्त धरू नयेत, तर ते ६५ दिवस होतात.

अवघड माणसांपर्यंत पोचता येतं, हे याच शहरातल्या संस्थेने दाखवलं आहे. निम्हान्सच्या नेतृत्वाखाली झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतल्या ३४,८०२ प्रौढांच्या घरी जाऊन मुलाखती झाल्या. आधी कोलार जिल्ह्यात पूर्वचाचणी घेतली, साधनं स्थानिक भाषांत आणली, मगच काम सुरू झालं. सध्या मानसिक विकार असलेल्या प्रौढांचं प्रमाण १०.६ टक्के आणि बहुतेक विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के, हे आकडे आज सगळे उद्धृत करतात. रुग्णालयात आलेल्या माणसांनाच मोजलं असतं तर दुसरा आकडा कधीच कळला नसता.

नावात काय असतं, हे मोजणारे अभ्यास

आराखडा कसा असावा हे शिकायला मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास वाचायला सांगेन. थोरात अमरावती जिल्ह्यातले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. प्रश्न सरळ होता: शिक्षण आणि अनुभव सारखा असताना फक्त आडनाव बदललं, तर खासगी नोकरीचं बोलावणं येण्याची शक्यता बदलते का? ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतल्या जाहिराती निवडल्या. त्यांत बंगळुरूचा ‘डेक्कन हेराल्ड’ही होता. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम नावं, बाकी पात्रता समान.

उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं शक्यता-गुणोत्तर निघालं ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३. समजायला सोपं जावं म्हणून, उच्चवर्णीय नावाच्या शंभर अर्जांना दहा बोलावणी येतात असं धरलं, तर दलित नावाला साधारण सात आणि मुस्लिम नावाला साडेतीन. ‘तुम्ही भेदभाव करता का?’ असं त्याच कंपन्यांना प्रश्नावलीत विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, याचा विचार विद्यार्थ्याने जरूर करावा. वर्तन मोजलं म्हणून हा आकडा हाती आला.

पण तेवढ्यावर थांबायचं नाही. २००९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले, पद्धत जवळजवळ तीच. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत ओबीसी नावांबाबत तो स्पष्ट दिसला. मुस्लिम नावांबाबत फरक आढळलाच नाही. दोन अभ्यास एकमेकांना खोडतात का? मला तसं वाटत नाही. शहर, कामाचा प्रकार, जाहिरात कुठे आली, अर्जदार नवखा की अनुभवी, या सगळ्यांत फरक आहे. कोणत्या परिस्थितीत भेदभाव वाढतो आणि कोणत्या परिस्थितीत विरतो, हा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या अंतरातून उभा राहतो. बंगळुरूसारख्या सॉफ्टवेअरच्या शहरात तो प्रश्न विद्यार्थ्यांची वाट पाहतो आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांचे कारखाने आहेत. तिथे शिवणयंत्रांवर बसणाऱ्या बहुतेक बायका आहेत. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम यांनी बंगळुरूतल्या पाच कारखान्यांत संवादकौशल्याच्या प्रशिक्षणाची चाचणी घेतली. प्रशिक्षण सुमारे ८० तासांचं. इच्छुक जास्त आणि जागा कमी, म्हणून सोडत काढली, आणि ती दोन टप्प्यांत. आधी कोणत्या उत्पादन रांगांना प्रशिक्षण मिळणार ते ठरवलं, मग त्या रांगांतल्या कोणत्या बायकांना. त्यामुळे तीन गट तयार झाले: शिकलेल्या, शिकलेल्यांच्या शेजारी बसणाऱ्या आणि पूर्ण वेगळ्या रांगेतल्या. शेजारणीपर्यंत काय पोचलं हेही मोजता आलं. माझ्या दृष्टीने आराखड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही दुसरी सोडत आहे. २०१८ च्या मसुद्यानुसार शिकलेल्या बायकांची उत्पादकता २० टक्क्यांनी जास्त होती. नंतरच्या आवृत्तीत आकडा खाली आला, दिशा तीच राहिली. पगार वाढला तो अवघा ०.५ टक्का. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रशिक्षणाचा फायदा कुणाच्या पदरात पडला ते कळतं.

यांपैकी अध्वर्यू आणि न्यषधम यांनी एका सहकाऱ्यासह आणखी एक प्रयोग केला. अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढ जाहीर झाल्यावर लगेच, सोडतीने निवडलेल्या कामगारांना नाव न घेता मत विचारलं: काम कसं आहे, पर्यवेक्षक कसे आहेत. पगार बदलला नाही, फक्त विचारलं. विचारलेल्यांत काम सोडणं आणि गैरहजेरी कमी झाली, विशेषतः सगळ्यात निराश झालेल्यांत. सामाजिक मानसशास्त्राचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

इथे एक तांत्रिक इशारा द्यायलाच हवा, कारण तो प्रबंधांत हमखास चुकतो. एकाच रांगेतल्या बायका, एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी होत जातात. दहा वर्गांतली प्रत्येकी ४० अशी ४०० मुलं घेतली आणि वर्गातलं साम्य (वर्गांतर्गत सहसंबंध) फक्त ०.०५ असलं, तरी ती ४०० मुलं माहितीच्या हिशेबाने साधारण १३६ मुलांएवढीच ठरतात. आणखी मुलं घेण्यापेक्षा आणखी वर्ग घ्यावेत.

परवानगी हा आराखड्याचाच भाग

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात ३२१ उच्च जातीच्या आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींच्या शाळकरी मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गट बरोबरीने सोडवत होते. सर्वांसमोर जात उच्चारली तेव्हा मोठी दरी पडली. निष्कर्ष अमूल्य आहे. तरी विद्यार्थ्याने उद्या हाच प्रयोग करायला मागितला, तर मी आधी विचारेन की त्या मुलाला घरी जाताना काय वाटेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिसमितीत ७ ते १५ सदस्य असतात, पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी अनुमती घ्यावी लागते. समितीपुढे जाणं हा कागदी सोपस्कार मानणाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा वाचावा.

वेळ कुठून आणायचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करता येतो. कर्नाटकाने २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत ती पुन्हा तीन वर्षांवर आली. धोरण कोणतंही असो, एका विद्यार्थ्याच्या हाती संशोधनासाठी फार तर एक वर्ष असतं. एवढ्या वेळात एकट्याने १७५ नीट निवडलेल्या माणसांपर्यंत पोचणं बहुतेकांना शक्य नाही. हे मान्य करून मार्ग काढायला हवा.

मार्ग सुरुवातीच्या हिशेबातच आहे. त्या ४० विद्यार्थ्यांनी मिळून एकच प्रश्न घेतला, एकच पूर्वनोंदणी केली, शहराचे भाग आणि भाषा वाटून घेतल्या आणि प्रत्येकाने तीच ४० माणसं आणली, तर एकूण १,६०० होतात. ८००-८०० चे गट. ०.१४ एवढा बारीक परिणामही ८० टक्के खात्रीने पकडता येतो. कष्ट तेवढेच. प्रत्येकाला स्वतःचा प्रबंध हवा असेल तर प्रत्येकाने त्या डेटावर आधीच नोंदवलेला वेगळा उपप्रश्न घ्यावा. जगभरातल्या पदवी विद्यार्थ्यांकडून जुने अभ्यास एकत्रितपणे पुन्हा करवून घेणारा उपक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात सामील व्हायला पैसे लागत नाहीत.

बंगळुरूतल्या, आणि पुण्या-मुंबईतल्याही, मानसशास्त्र विभागप्रमुखांना आणि मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात प्रबंधाच्या प्रस्तावावर सही करण्याआधी दोन ओळी लिहून मागा: किती माणसं घेणार आणि तो आकडा कसा काढला, कोणती माणसं सुटणार आणि त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी काय करणार. या दोन ओळी नसतील तर प्रस्ताव परत करा.